मागच्या सीटवरचं माणूस

"यापुढे मी तुमच्या बुलेटवर बसायची नाही," असं सौभाग्यवतींनी गणपतीच्या आदल्या दिवशी जाहीर केलं आणि रिक्षा करून बाजाराला निघून गेल्या. भांडण नव्हतं, कंबर होती. गल्लीच्या तोंडाशी गतिरोधक आहे. तिथं मी पायांवर जोर देऊन अर्धा उठायचो, आणि मागे बसलेल्या तिला खालून कुणी लाथ घालावी तसं व्हायचं. चालवणारा दोन चाकांच्या मधे असतो. मागचं माणूस जवळजवळ मागच्या चाकावरच. इतकी वर्षं हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

आधी मी सीटचा फोम बदलून पाहिला. मग टायरमधली हवा कमी केली. शेवटी कोपऱ्यावरच्या मिस्त्रीनं मागची सीट जोरात दाबून सोडली. गाडी तीन-चार वेळा झुलत राहिली. "काका, एकदा वर येऊन थांबायला पाहिजे. शॉकअप गेले." दांड्यांवर तेल ओघळून धुळीचा थर बसला होता.

धक्का स्प्रिंग खाते, असा आपला समज असतो. स्प्रिंग तो फक्त उसना घेते आणि लगेच परत करते. तिला आवर घालतं आतलं तेल. पिस्टनच्या बारीक छिद्रांतून ते रेटलं जातं आणि धक्क्याची उष्णता होऊन जाते. तेल गळलं की उरते नुसती उसळणारी स्प्रिंग. बाजारात 'गॅसचे' म्हणून जे मिळतात त्यांतही हे काम तेलच करतं. दाबाखाली भरलेला नायट्रोजन मुख्यतः तेलाला फेस येऊ देत नाही.

पुण्याच्या नाना पेठेत गेलो आणि चकचकीत जोडी घेऊन आलो. घरी जुन्याशेजारी ठेवून वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत टेप लावला, तर नवा पाऊण इंच लांब! "काही होत नाही, साहेब," असं दुकानदार म्हणाला होता. होतं. गाडीचा मागचा भाग उचलला जातो, मेन स्टँडवर अधांतरी राहणारं चाक जमिनीला टेकतं, साखळीचा ताण बदलतो. जोडी बदलून आणली.

बसवायला सोपं वाटतं, दोन्हीकडे दोन-दोनच नट. मी उत्साहात दोन्ही शॉकअप एकदम सोडवले आणि चाकासकट चिमटा धाडकन खाली आला. एका वेळी एकच काढायचा, हे मिस्त्रीनं नंतर सांगितलं. नवे बसवून गल्लीत चक्कर मारली, तर गाडी लाकडासारखी कडक. खालची कडी पाचव्या, म्हणजे शेवटच्या खाचेवर होती. कडी फिरवल्यानं स्प्रिंग मऊ किंवा टणक होत नाही. ती आधीच किती दाबलेली असावी, एवढंच ठरतं. आणि ते ठरवायचं तर गाडीवर रोजची माणसं बसलेली हवीत.

म्हणून आठ महिन्यांनी सौभाग्यवती पुन्हा बुलेटवर बसल्या, सोसायटीच्या पार्किंगमध्ये, उभ्या गाडीवर. शेजारच्या मुलानं टेप धरला. चाकाचा आस ते सीटखालची खडूची खूण: चाक अधांतरी असताना एक माप, आम्ही दोघं बसल्यावर दुसरं. तीन इंचांच्या चालीपैकी साधारण एक इंच खाली बसावं, असा हिशेब. पाचव्या खाचेला अर्धा इंचही बसेना. तिसरीला जमलं. दोन्ही बाजूंना एकच खाच लागते, हे त्या मुलानंच मला बजावलं. गॅलरीतून चार कुटुंबं बघत होती. "अजून किती वेळ बसू?" ती पदर सावरत विचारत होती.

"आता बसलीच आहेस तर," म्हणत मी किक मारली.

गतिरोधक आला. सवयीनं मी पायांवर उठलो.

"अहो, खाली बसा," मागून आवाज आला, "मला पुढचं दिसत नाही."