विधी पदवी अभ्यासक्रमातील प्रात्यक्षिक विषय : मीरा-भाईंदरच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना :

विधी पदवीच्या अभ्यासक्रमाची चर्चा बहुधा कोणता विषय वाढवावा आणि कोणता वगळावा या प्रश्नापाशी येऊन थांबते. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता व भारतीय साक्ष्य अधिनियम हे तीन कायदे अमलात आले आणि अभ्यासमंडळांचे लक्ष स्वाभाविकपणे त्यांच्या समावेशाकडे वळले. तथापि, पदवी घेऊन बाहेर पडणारा विद्यार्थी न्यायालयात उभा राहण्यास कितपत सिद्ध झालेला असतो, हा प्रश्न विषयांच्या यादीने सुटत नाही. त्याचे उत्तर अभ्यासक्रमातील ज्या भागात सापडण्याची शक्यता आहे तो भाग, म्हणजे चार प्रात्यक्षिक विषय, महाविद्यालयाच्या वेळापत्रकात बहुधा शेवटी येतो. प्रस्तुत लेखात या विषयांचे स्वरूप आणि मीरा-भाईंदरसारख्या शहरात त्यांच्या अध्यापनाच्या शक्यता यांचा विचार केला आहे. विधी शाखेबाहेरील प्राध्यापकांसाठी आवश्यक तेथे पार्श्वभूमीही दिली आहे.

अभ्यासक्रमाची चौकट :

अधिवक्ता अधिनियम, 1961 अन्वये विधी शिक्षणाचा दर्जा निश्चित करण्याचे कार्य, विद्यापीठांशी विचारविनिमय करून, बार कौन्सिल ऑफ इंडियाने करावयाचे आहे. कौन्सिलच्या 2008 च्या विधी शिक्षण नियमांनुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी 20 अनिवार्य विषय, 4 प्रात्यक्षिक विषय व किमान 6 वैकल्पिक विषय अशी रचना आहे. पाच वर्षांच्या एकात्मिक अभ्यासक्रमात यांच्या जोडीला सामाजिक शास्त्रे अथवा अन्य विद्याशाखांचे विषय येतात. या चौकटीत राहून विद्यापीठाचे अभ्यासमंडळ तपशीलवार पाठ्यक्रम ठरविते. संलग्न महाविद्यालयाच्या हाती, मग ते मुंबई विद्यापीठाशी संलग्न असलेले मीरा रोडचे श्री एल. आर. तिवारी विधी महाविद्यालय असो वा अन्य कोणतेही, विषयनिवडीचे स्वातंत्र्य फारच थोडे उरते. करार, अपकृत्ये, संविधान, मालमत्ता कायदा, पुरावा, दिवाणी प्रक्रिया या विषयांचा पाठ्यक्रम दक्षिण मुंबईत आणि मीरा रोडला एकच असतो.

प्रात्यक्षिक विषयांचे मात्र तसे नाही. व्यावसायिक नीतिमत्ता, पर्यायी वाद निराकरण, मसुदालेखन व हस्तांतरणलेखन, आणि अभिरूप न्यायालय व इंटर्नशिप हे ते चार विषय. मसुदालेखनाच्या विषयात दावा, कैफियत, शपथपत्र, जामीन अर्ज इत्यादींचे 15 मसुदे 45 गुणांसाठी, तर खरेदीखत, गहाणखत, कुलमुखत्यारपत्र, मृत्युपत्र इत्यादींचे 15 लेख 45 गुणांसाठी आणि तोंडी परीक्षा 10 गुणांसाठी अशी योजना आहे. अभिरूप न्यायालयाच्या विषयात अभिरूप खटल्यांना 30 गुण, प्रत्यक्ष न्यायालयात एक दिवाणी व एक फौजदारी अशा दोन खटल्यांच्या निरीक्षणाला 30 गुण, पक्षकाराची मुलाखत व दावापूर्व तयारी यांच्या दैनंदिनीला 30 गुण आणि तोंडी परीक्षेला 10 गुण आहेत. शिवाय तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आठवडे व पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवडे इंटर्नशिप अपेक्षित आहे. कोणता दावा लिहावयास द्यावा, कोणता खटला पाहावयास पाठवावे, कोणत्या पक्षकाराची मुलाखत ऐकावी हे कोणतेही अभ्यासमंडळ ठरवू शकत नाही. ते शिक्षकच ठरवितो.

प्रशिक्षणाचा भार अभ्यासक्रमावर का आला?

या विषयांचे महत्त्व समजण्यासाठी थोडे मागे जाणे आवश्यक आहे. 1961 च्या मूळ अधिनियमात पदवीनंतरचे प्रशिक्षण व परीक्षा ही सनद मिळण्याची अट होती. 1973 च्या दुरुस्तीने ती वगळण्यात आली. पुढे बार कौन्सिलने 1995 मध्ये नियमांद्वारे एक वर्षाचे प्रशिक्षण सक्तीचे केले. परंतु सर्वोच्च न्यायालयाने व्ही. सुधीर प्रकरणात 1999 मध्ये ते नियम रद्दबातल ठरविले. 2010 मध्ये आलेल्या अखिल भारतीय बार परीक्षेची वैधता घटनापीठाने फेब्रुवारी 2023 मध्ये मान्य केली. मात्र ही परीक्षा 100 बहुपर्यायी प्रश्नांची आहे. दावा कसा लिहावा हे तीत कोणी विचारीत नाही. पदवी आणि वकिली यांच्या मध्ये उमेदवारीचा कोणताही सक्तीचा टप्पा अशा रीतीने उरलेला नाही. वैद्यकीय पदवीधरास रुग्णालयात आंतरवासिता केल्याखेरीज नोंदणी मिळत नाही. विधी पदवीधराच्या बाबतीत तेवढे सारे काम या चार विषयांनी करावे अशी अपेक्षा आहे. मे 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) पदाच्या परीक्षेसाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा आणल्यावर, न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यालाही आधी वकिलीत उतरणे भाग झाले. म्हणजे प्रात्यक्षिक विषयांतील उणिवेची झळ आता त्यालाही पोहोचणार.

शहरातील न्यायालय :

मीरा-भाईंदर महानगरपालिका 2002 मध्ये अस्तित्वात आली व 2011 च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या 8 लाखांहून अधिक नोंदली गेली. एवढ्या वस्तीच्या शहराला मार्च 2025 पर्यंत स्वतःचे न्यायालय नव्हते. दावे व खटले ठाण्यास चालत. भाईंदरहून ठाण्यास जावयाचे तर पश्चिम रेल्वेने दादर गाठून तेथे मध्य रेल्वेची गाडी धरावी, अथवा घोडबंदर मार्गाच्या वाहनकोंडीत तासन्‌तास घालवावे. सकाळी महाविद्यालय व दुपारी नोकरी करणाऱ्या विद्यार्थ्याने एकाच खटल्याच्या अनेक तारखांना हजर राहून नोंदी ठेवाव्यात, ही नियमातील अपेक्षा या अंतरामुळे बहुतांशी कागदावर राहणे अपरिहार्यच होते. एकाने खटला पाहावा व चौघांनी वही उतरवावी, हा प्रकार विधी महाविद्यालयांतील शिक्षकांना अपरिचित नाही.

मार्च 2025 मध्ये मीरा रोड येथे दिवाणी न्यायाधीश (कनिष्ठ स्तर) व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी यांचे न्यायालय सुरू झाल्याने ही सबब संपली आहे. सत्र न्यायालयातील गंभीर खटल्यांसाठी आजही ठाण्यास जावे लागते; परंतु विद्यार्थ्याने आरंभी पाहावे असे पुष्कळसे काम कनिष्ठ न्यायालयातच चालते. वकीलपत्र दाखल होणे, समन्स निघणे, मनाईच्या अर्जावरील सुनावणी, मुद्दे काढणे, उलटतपासणी या गोष्टी तेथे रोज घडतात.

याच न्यायालयात विद्यार्थ्याला आणखी एक अडचण भेटेल. परीक्षेसाठी त्याने भारतीय न्याय संहिता अभ्यासलेली असते. पण 1 जुलै 2024 पूर्वी घडलेल्या अपराधाला भारतीय दंड संहिता, 1860 हीच लागू राहते. त्यामुळे पटलावरील एका फसवणुकीच्या खटल्यात कलम 420 असेल, तर दुसऱ्यात कलम 318. जुनी संहिता पाठ्यक्रमातून काढून टाकली तरी ती न्यायालयातून अजून काही वर्षे जाणार नाही. निरीक्षणाच्या वहीत दोन्ही कलमे समोरासमोर लिहावयास लावणे हा यावरचा साधा उपाय आहे.

मसुदे कोणत्या तंट्यांचे?

मसुदालेखनाच्या पुस्तकांतील नमुना दावा बहुधा वचनचिठ्ठीवरील रकमेच्या वसुलीचा किंवा शेताच्या बांधाचा असतो. असे दावे आजही होतात. परंतु मीरा-भाईंदरच्या नागरिकाचे मुख्य धन म्हणजे सदनिका, आणि त्याचे तंटेही तिच्याभोवती फिरणारे. इमारतीखालील जमीन संस्थेच्या नावे झालेली नाही, भोगवटा प्रमाणपत्र मिळालेले नाही, देखभाल शुल्क थकले आहे, वरच्या मजल्यावरून गळती होते, पुनर्विकासाला काही सभासदांचा विरोध आहे. गाऱ्हाणे एकाच इमारतीतील असले तरी प्रत्येकाचे दार वेगळे असते. विकासकाने ताबा देण्यास विलंब केल्यास 2016 च्या स्थावर संपदा अधिनियमाखाली महारेराकडे किंवा ग्राहक आयोगाकडे जाता येते. थकबाकीच्या वसुलीसाठी संस्थेला सहकारी संस्थांच्या निबंधकाकडे अर्ज करावा लागतो. सभासद व संस्था यांच्यातील अनेक वाद सहकारी न्यायालयात जातात. आणि मालकीहक्काचा प्रश्न निघाला की दिवाणी न्यायालय. दार चुकले तर मसुदा कितीही सुबक असो, तो परत येतो.

मानीव अभिहस्तांतरणाचे उदाहरण या दृष्टीने फार उपयुक्त आहे. मोफा या नावाने परिचित असलेल्या 1963 च्या कायद्यानुसार विकासकाने ठरलेल्या मुदतीत, आणि मुदत ठरलेली नसल्यास संस्थेच्या नोंदणीपासून चार महिन्यांत, जमीन व इमारत संस्थेच्या नावे करून द्यावयाची असते. त्याने तसे न केल्यास संस्थेला जिल्हा उपनिबंधकांकडे एकतर्फी अभिहस्तांतरणासाठी अर्ज करता येतो. या एका अर्जासाठी सातबारा उतारा किंवा मालमत्ता पत्रक, फेरफार, बिनशेती आदेश, विकासन करारनामा, कुलमुखत्यारपत्र, मंजूर नकाशे, सदनिकांचे नोंदणीकृत करार एवढे कागद वाचावे लागतात. जेथे कालपरवापर्यंत शेती व मिठागरे होती त्या जमिनीच्या मालकीची साखळी या कागदांतून जुळवीत न्यावी लागते. मालमत्ता हस्तांतरण, नोंदणी, मुद्रांक, सहकार आणि महसूल असे पाच कायदे एका धारिकेत एकत्र येतात. उपनिबंधकांच्या आदेशाने मालकीहक्काचा अंतिम निर्णय होत नाही, तो दिवाणी न्यायालयाचा प्रांत राहतो, हे अधिकारक्षेत्राचे तत्त्वही विद्यार्थ्याला येथे कळते. सहकार, सदनिका मालकी किंवा स्थावर संपदा यांपैकी एकही कायदा 20 अनिवार्य विषयांच्या शीर्षकांत नाही. मात्र 15 हस्तांतरणलेखांपैकी दोन-तीन या धारिकेतून द्यावयास कोणतीही आडकाठी नाही. त्यासाठी अभ्यासमंडळाच्या ठरावाचीही गरज नाही.

भाषेचा प्रश्न :

वर उल्लेखिलेल्या कागदांपैकी महसुली कागद मराठीत असतात. 1998 च्या शासकीय अधिसूचनेनुसार महाराष्ट्रातील कनिष्ठ न्यायालयांची भाषा, काही अपवाद वगळता, मराठी आहे. बार कौन्सिलच्या नियमांत अध्यापनाचे मुख्य माध्यम इंग्रजी असून, अन्य माध्यम स्वीकारल्यास इंग्रजीचा विषय अनिवार्यपणे घ्यावा लागतो. याच्या उलट, इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्याने न्यायालयाची स्थानिक भाषा शिकावी अशी अट मात्र नाही. मीरा-भाईंदरच्या वर्गात मराठी, हिंदी, गुजराती, उर्दू अशा अनेक मातृभाषांचे विद्यार्थी असतात. त्यांपैकी काहींना रोजनामा किंवा फेरफाराची नोंद वाचता येत नाही. आणि मराठी मातृभाषा असलेल्यांना ती येतेच असेही समजू नये; दरखास्त, हुकूमनामा, कैफियत, नाझर हे शब्द घरात बोलले जात नाहीत. या ठिकाणी मराठी विभागातील प्राध्यापकांचे साहाय्य घेता येईल. 15 मसुद्यांपैकी पाच मराठीत लिहून घेतले आणि त्यांची भाषा मराठीच्या प्राध्यापकाने व कायदा विधीच्या प्राध्यापकाने तपासला, तर बहुविद्याशाखीयता या शब्दाला काही अर्थ येईल.

मूल्यमापनाविषयी :

राहता राहिला प्रश्न निरीक्षणाच्या वहीचा. न्यायालयात गेलेल्या विद्यार्थ्याच्या वहीत अनेकदा एकच ओळ सापडते : पुढील तारीख दिली. अशा नोंदीला शिक्षक गुण देत नाही आणि विद्यार्थीही दिवस वाया गेला असे मानतो. वस्तुतः तारीख का पडली हे तेथेच समजून घ्यावयाचे असते. समन्सची बजावणी झाली नाही, साक्षीदार आला नाही, की कैफियत दाखल करण्यास मुदत मागितली? प्रतिवादीच्या दारावर समन्स चिकटविण्याची वेळ केव्हा येते, कैफियतीची 30 दिवसांची मुदत 90 दिवसांपर्यंत कोणत्या कारणास्तव वाढते, त्या पुढे काय होते, हे प्रश्न त्या एका ओळीवर विचारता येतात. तोंडी परीक्षेचे 10 गुण याच कामी खर्ची पडावेत. वही उतरवून आणलेल्या विद्यार्थ्याला त्यांची उत्तरे देता येणार नाहीत.