ग्रहांचे स्थलांतर : प्लूटोच्या कक्षेची साक्ष

ग्रह जेथे निर्माण झाले तेथेच ते आजही फिरत आहेत, असा समज दीर्घकाळ रूढ होता. तो ढासळण्यास प्लूटो या लहानशा गोलाची कक्षा बऱ्याच अंशी कारणीभूत झाली.

१९३० साली सापडलेला आणि २००६ पासून बटुग्रह गणला जाणारा प्लूटो अतिशय लांबट कक्षेत फिरतो. १९७९ ते १९९९ या काळात तर तो नेपच्यूनपेक्षाही सूर्याच्या जवळ होता. तरीही या दोहोंची कधी टक्कर होत नाही. नेपच्यूनच्या तीन प्रदक्षिणा होतात तेवढ्या काळात प्लूटोच्या दोन होतात. त्यामुळे प्लूटो सूर्याजवळ येतो तेव्हा नेपच्यून नेहमीच दूर असतो. प्रदक्षिणाकाळांच्या अशा मेळास अनुस्पंदन म्हणतात.

हा मेळ जमला कसा? ग्रह तयार झाल्यावर असंख्य लहान गोल शिल्लक राहिले होते. नेपच्यून अशा एखाद्या गोलास सूर्याच्या दिशेने लोटतो, तेव्हा तो स्वतः किंचित बाहेर सरकतो. आत आलेल्या गोलास गुरू पुढे सूर्यमालेबाहेर भिरकावून देतो. तो परत येत नाही. एका गोलाचा परिणाम नगण्य असला, तरी थेंबे थेंबे तळे साचते. हूलिओ फर्नांडेझ व विंग-हुएन इप यांनी १९८४ साली हे गणिताने दाखविले.

दिल्लीच्या आय. आय. टी.त शिकलेल्या रेणू मल्होत्रा यांनी १९९३ साली पुढचे पाऊल टाकले. बाहेर सरकणाऱ्या नेपच्यूनने वाटेत प्लूटोला अनुस्पंदनात पकडले व आपल्याबरोबर बाहेर नेले; या प्रवासात प्लूटोची मूळची वर्तुळाकार कक्षा लांबट होत गेली, असे त्यांनी दाखविले. आजच्या लांबटपणावरून हिशेब केला, तर नेपच्यून सुमारे ७५ कोटी किलोमीटर सरकला असावा.

हे खरे असेल, तर आणखी अनेक गोल त्याच मेळात अडकलेले सापडावयास हवेत. ते सापडलेही, आज असे शेकडो गोल ज्ञात आहेत.

तात्पर्य, सूर्यमालेची आजची मांडणी म्हणजे तिची जन्मवेळची मांडणी नव्हे. ग्रहांच्या उत्पत्तीचा विचार करताना त्यांनी केलेला प्रवासही जमेस धरावा लागतो.