धिरड्याचा हत्ती

सकाळी सातला वस्तीत फेरी मारली की दारोदारी एकच चित्र दिसतं. आई कामाला निघालेली, आजी पाण्याच्या रांगेत आणि मूल पायरीवर चहा-खारी घेऊन बसलेलं. दहाच्या सुमाराला पाच रुपयांचं कुरकुरीत पुडकं. दुपारी भाजी-भाकर समोर आली की मूल तोंड फिरवतं आणि बाया आम्हाला म्हणतात, "सिस्टर, हा काही खातच नाही बघा." खातो तो. पण भूक पुडक्यानं मारलेली असते.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या दर १०० मुलांपैकी सुमारे ६९ मुलांच्या अंगात रक्त कमी आढळलं. किरकिऱ्या, लवकर दमणाऱ्या मुलाला आपण हट्टी म्हणतो. पुष्कळदा त्याचं रक्त कमी असतं. मग आपण चिडतो, नाक दाबून भरवतो. असं करू नका. तसं भरवताना घास श्वासनळीत गेलेलं मूल आम्ही वॉर्डात असताना पाहिलं आहे.

त्यापेक्षा हत्ती करा. आकारानं अन्नातलं लोह वाढत नाही, हे आधीच सांगतो. पण मूल ताटाशी बसतं, हात लावतं, आणि निम्मं काम तिथंच होतं.

एक वाटी बेसन, अर्धी वाटी नाचणीचं पीठ, मूठभर अगदी बारीक चिरलेली मेथी किंवा राजगिऱ्याची भाजी, हळद, जिरं, मीठ. पीठ जरा दाटच भिजवा. पातळ झालं तर हत्तीचा ढग होतो. तवा मध्यम तापवून थोडं तेल फिरवा. आधी एक पळी पीठ गोल घाला, ते डोकं. दोन्ही बाजूंना एकेक चमचा, ते कान. मग खालच्या कडेवर चमचाभर पीठ घालून चमच्यानंच खाली ओढत न्या, सोंड झाली. कडा सुटल्या की उलटा. सोंड हमखास तुटते, वाईट वाटून घेऊ नका. एका घरी तीन वर्षांच्या पोरीनं "हत्तीला लागलं" म्हणत आधी तीच खाल्ली. कान वर जोडले की ससा, मागे शेपूट काढली की मासा. वरून लिंबू पिळा, त्यानं भाजी-पिठातलं लोह अंगी लागतं. चहा मात्र जेवणाबरोबर नको; मुलांना तो मुळात नकोच.

उकडलेल्या अंड्याचा उंदीर तर दोन मिनिटांत होतो. अंडं उभं कापून अर्धं पालथं ठेवा, मोहरीचे डोळे, काकडीच्या पातळ चकत्यांचे कान, कोथिंबिरीच्या काडीची शेपूट. घरात कलेजी शिजली असेल तर ती बारीक कुस्करून, भातात कालवून त्या भाताचं कासव करा. कलेजीतलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं, आणि ती महागही पडत नाही.

डोळ्यांसाठी अख्खे शेंगदाणे, फुटाणे लावू नका. लहान मुलांच्या नरड्यात ते अडकतात. कान जोडायला टूथपिक तर अजिबात नको. दुकानातला खायचा रंगही नको, बीट किसून घाला. दुसऱ्या दिवशी शी-शू लालसर दिसली तर घाबरू नका, ते बीटच असतं.

रोज हत्ती करायला कोणाला वेळ आहे? चार घरची धुणीभांडी करून आलेल्या बाईला आम्ही हे सांगणार नाही. सुट्टीच्या दिवशी करा, एरवी आजीला किंवा बाबाला करू द्या. पीठ ओतायला बाबाचा हातही चालतो! मुलालाच डोळे लावायला सांगा. स्वतः लावलेला डोळा मूल टाकत नाही.

मूल माती-खडू खात असेल, तळहात-ओठ पांढरे पडले असतील, वजन वाढत नसेल तर मात्र हत्तीवर भागणार नाही. अंगणवाडीत नेऊन वजन करा, दंडाला पट्टी लावून घ्या. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर ११.५ सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल भागात आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. लोहाचं औषध आशाताईंकडे मिळतं. आठवड्यातून दोनदा एक मिली. त्यानं शी काळी होते, म्हणून बाटली फळीवर ठेवून देऊ नका.