तांबड्या पेशींची मालवाहतूक : एका धंद्याचा ताळेबंद

माल उत्तम असून भागत नाही. तो न फुटता, न सांडता ठरल्या ठिकाणी पोचावा लागतो. आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांना हे सांगायला नको. कर्करोगाच्या औषधांची अडचणही हीच आहे. औषध जालीम असते. पण शिरेतून सोडले की साऱ्या अंगात पसरते आणि चांगल्या पेशींनाही मारते. काही औषधांना तर शरीर परके समजून वाटेतच नष्ट करते.

यावर शास्त्रज्ञांनी एक वाहतूकदार शोधला : रक्तातली तांबडी पेशी. ती सुमारे १२० दिवस शरीरभर फिरते आणि रक्तगट जुळला की शरीर हरकत घेत नाही. मुदत संपली की यकृत व प्लीहा तिला मोडीत काढतात.

माल भरायचा कसा?

कृती ऐकायला सोपी आहे. पेशी सौम्य खारट पाण्यात ठेवल्या की फुगतात आणि त्यांच्या पडद्याला बारीक छिद्रे पडतात. त्यातून औषध आत शिरते. मग मिठाचे प्रमाण पूर्ववत केले की छिद्रे मिटतात. अमेरिकेत १९७३ साली हे तंत्र प्रसिद्ध झाले.

त्यावर फ्रान्समधील लिऑं शहरात २००४ साली एरिटेक ही कंपनी निघाली. तिने दात्याच्या तांबड्या पेशींत अ‍ॅस्परॅजिनेज हे द्रव्य भरले. रक्ताच्या कर्करोगातील काही पेशींना अ‍ॅस्परॅजिन नावाचा घटक स्वतः पुरेसा तयार करता येत नाही. त्या तो रक्तातून उचलतात. हे द्रव्य तोच घटक मोडून टाकते. म्हणजे शत्रूच्या घरात शिरण्याऐवजी त्याची रसद तोडायची! एरवी जिवाणूंपासून काढलेल्या या द्रव्याची अनेकांना अ‍ॅलर्जी होते; पेशीच्या आड ते सुरक्षित राहते.

हिशेब कुठे चुकला?

तंत्र खरे होते, बाजार मात्र कठीण निघाला. याच कामाचे अधिक टिकाऊ इंजेक्शन आधीच मिळत होते. पुढील चाचण्यांचा खर्च आणि स्पर्धा पाहून कंपनीने २०१८ साली युरोपातील परवान्याचा अर्ज मागे घेतला. मग सारी भिस्त स्वादुपिंडाच्या कर्करोगावर ठेवली. ५१२ रुग्णांवर चाचणी झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये निकाल लागला : रुग्णांचे आयुष्य ठोसपणे वाढले नाही. २०२२ साली अमेरिकेतील प्रिन्स्टनचा कारखाना ४ कोटी ४५ लाख डॉलरना विकावा लागला. २०२३ साली कंपनी दुसऱ्या कंपनीशी एकत्र येऊन जिवाणूंच्या आजारांवरील उपचारांकडे वळली.

अमेरिकेतील रुबियस कंपनीची चाल वेगळी होती. तिने मूळ पेशींपासून कारखान्यातच तांबड्या पेशी वाढवल्या आणि त्यांच्यावर शरीराची संरक्षक फौज जागी करणारी प्रथिने बसवली. जुलै २०१८ मध्ये भागविक्रीतून सुमारे २४ कोटी डॉलर जमले. औषधाला परवाना मिळण्याआधीच ऱ्होड आयलंड राज्यात मोठा कारखाना घेतला. सप्टेंबर २०२२ मध्ये कर्करोगाच्या चाचण्या थांबल्या, चारांपैकी तीन कर्मचारी घरी गेले आणि पुढे कंपनीच गुंडाळली गेली.

आपण काय घ्यावे?

पहिली गोष्ट : वाहन चांगले म्हणून माल खपत नाही. तांबडी पेशी रक्तवाहिनीतच फिरते. घट्ट गाठीच्या आत ती सहजी शिरत नाही. दुसरी : हा नाशवंत माल आहे. रक्तगट जुळवा, भरा, थंड ठेवा आणि थोड्याच दिवसांत रुग्णाला द्या. दूध-मासळीचा धंदा करणाऱ्यांना यातला खर्च लगेच कळेल. तिसरी : मागणी सिद्ध होण्याआधी कारखाना उभारू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचे घरच्यांसाठी. या दोन्ही कंपन्यांचे कर्करोगावरील औषध बाजारात आलेच नाही. तेव्हा “रक्तपेशींतून नवे औषध देतो” म्हणून कोणी पैसे मागितले, तर दुकान गहाण टाकण्यापूर्वी परळच्या टाटा रुग्णालयासारख्या ठिकाणी विचारून घ्यावे. खऱ्या चाचणीत रुग्णाची लेखी संमती घेतात आणि चाचणीतल्या औषधाचे पैसे सहसा मागत नाहीत. संशोधन अजून चालू आहे आणि उद्या त्यातून काही हाती लागेलही. पण उद्याच्या मालावर आजची जमापुंजी लावू नये, असे आम्हांला वाटते.