चिरक : माळरानाचा आणि पडक्या भिंतींचा रहिवासी

मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्हा तापीचे सुपीक खोरे आणि सातपुड्याच्या कोरड्या डोंगररांगा यांच्या सांध्यावर वसलेला असून, नदीकाठच्या काळ्या जमिनीत केळी, ऊस आणि कापूस पिकत असला, तरी शेतांचे बांध ओलांडून मुरमाड चढ लागला की बोरी-बाभळींच्या खुरट्या झुडपांचे राज्य सुरू होते. अशा उघड्या, खडकाळ माळावर बाराही महिने राहणारा छोटा गायक पक्षी म्हणजे चिरक होय. हिंदीत त्याला कलचुरी म्हणतात आणि त्याचे शास्त्रीय नाव कॉप्सिकस फुलिकॅटस असे आहे. त्याची शास्त्रीय नोंद लिनियसने १७६६ साली केली. पुढे दीर्घकाळ त्याला स्वतंत्र प्रजातीत स्थान होते, परंतु अलीकडच्या जनुकीय अभ्यासांनंतर आपल्या परिचयाचा दयाळ ज्या प्रजातीत मोडतो, तिच्यातच चिरकाचाही समावेश करण्यात आला.

चिरक साधारण चिमणीएवढा, म्हणजे सुमारे १६ ते १७ सेंटिमीटर लांबीचा असतो, मात्र त्याची अंगलट सडपातळ आणि शेपटी लांब असते. नराचा रंग तकतकीत काळा असून खांद्यावर पांढरा पट्टा आणि शेपटीच्या मुळाशी, खालच्या बाजूस, तांबूस-विटकरी डाग असतो. मादी मातकट तपकिरी असते. तिच्या खांद्यावर पांढरा पट्टा नसतो, पण शेपटीखालचा विटकरी रंग तिच्याही अंगावर असतो. उत्तर भारतातील नरांची पाठ तपकिरी असते, दक्षिणेकडे जावे तसतशी ही छटा कमी होत जाते आणि दक्षिण टोकाकडील नरांची पाठही काळी दिसते. युरोपातील रॉबिन पक्ष्याच्या छातीवर जो तांबूस रंग मिरवतो, तसा रंग चिरकाच्या शेपटीखाली दडलेला असतो आणि शेपटी ताठ उभारण्याच्या सवयीमुळेच तो वारंवार दृष्टीस पडतो.

दाट जंगल आणि अतिपावसाचा प्रदेश चिरक टाळतो. उलट दगडांचे ढीग, नाल्यांचे काठ, विहिरींचे कठडे आणि जुन्या इमारतींचे अवशेष त्याला मानवतात, त्यामुळे जिल्ह्यातील असीरगड किल्ल्याच्या उतारांसारखी जागा त्याच्या राहणीला अनुकूल ठरते. त्याचे मुख्य अन्न कीटक असून तो ते बहुतांशी जमिनीवरच टिपतो : थोडे धावायचे, थबकायचे, शेपटी पाठीवर उचलायची, मुंगी किंवा वाळवी चोचीत धरायची आणि पुन्हा एखाद्या दगडावर जाऊन बसायचे, असा त्याचा क्रम चालू असतो. वस्तीजवळ तो दिवेलागणीनंतरही दिव्यांभोवती जमणारे किडे टिपताना आढळतो.

गायक पक्ष्यांमध्ये स्वरयंत्र श्वासनलिकेच्या तळाशी, ती दुभंगते त्या ठिकाणी असते आणि त्याच्या स्नायूंवरील ताब्यामुळे त्यांना वेगवेगळे स्वर काढता येतात. चिरकाचे गाणे दयाळाइतके खुललेले नसते. छोट्या, गोड शिळांची ती मालिका असते आणि विणीच्या काळात नर आपली हद्द जाहीर करण्यासाठी ती गातो. या काळात तो इतका भांडखोर होतो की आरशात किंवा काचेत दिसणाऱ्या स्वतःच्याच प्रतिबिंबावर चोच मारतो.

विणीचा हंगाम प्रदेशानुसार डिसेंबर ते सप्टेंबर यांदरम्यान कधीही येतो, मात्र उन्हाळा आणि पहिला पाऊस यांच्या सुमारास त्याला विशेष भर येतो. घरटे भिंतीच्या भोकात, दगडांच्या सांदीत किंवा दरडीतील खळग्यात असते. गवत व काड्यांची बैठक केल्यावर आत केसांचे अस्तर घातले जाते आणि त्यात कित्येकदा सापाच्या कातीचे तुकडेही सापडतात. मादी साधारण तीन-चार ठिपकेदार अंडी घालते व ती एकटीच सुमारे १० ते १२ दिवस उबवते, पिलांना भरवण्याचे काम मात्र दोघे मिळून करतात.

चिरक आज दुर्मीळ नाही, आणि ज्या जमिनीची नोंद माणूस पडीक म्हणून करतो तिच्यावर तो पोसला जातो, हे ध्यानात घेतले पाहिजे. म्हणून माळ सपाट करताना थोडी झुडपे राखावीत आणि जुन्या भिंतींची डागडुजी करताना, विशेषतः उन्हाळ्यात, फट बुजवण्यापूर्वी आत घरटे नाही ना, याची खात्री करून घ्यावी.