रातथाऱ्यावरची मोजदाद

दिवाळीनंतर कर्जत-श्रीगोंद्याच्या बाजूला माळावरून जाताना एक पक्षी नजरेस पडतो. ज्वारीच्या वावरावरून, कुसळीच्या गवतावरून, जेमतेम पुरुषभर उंचीने तो तरंगत येतो. पंख किंचित वर उचललेले, मान खाली, नजर जमिनीला चिकटलेली. मध्येच गर्रकन वळतो आणि गवतात पडतो. विचारलं तर उत्तर मिळतं, "घार आहे." ती घार नसते. तो भोवत्या असतो, आणि तो कर्जतचाही नसतो.

लांबून येतात ती बदकं आणि रोहित, शिकारी पक्षी मात्र बारा महिने इथलेच, अशी पक्की समजूत आहे. नाथसागर जलाशयावर रोहित बघायला गाड्या करून जाणाऱ्यांनाही माळावरचा पाहुणा ओळखू येत नाही. शिक्रा आणि कापशी घार इथलेच, हे खरं. पण पांढुरका भोवत्या आणि माँटेग्यूचा भोवत्या उन्हाळ्यात रशिया-कझाकस्तानच्या गवताळ मैदानांत जमिनीवर घरटं करतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात ते आपल्याकडे उतरतात आणि मार्च-एप्रिलात परततात. उत्तर कझाकस्तानातून नगर जिल्ह्यापर्यंतचं अंतर सरळ रेषेत धरलं तरी साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात जातं.

दुसरी समजूत कोंबड्यांची. "असले पक्षी कोंबड्या नेतात" हे वाक्य वस्तीवस्तीवर ऐकू येतं. शिक्रा किंवा घार पिल्लू उचलते, ते नाकारायचं कारण नाही. पण माँटेग्यूच्या भोवत्याचा नर पाव किलोच्या आसपास भरतो आणि पांढुरक्याची मादीही अर्ध्या किलोच्या आत असते. किलो-दीड किलोची गावरान कोंबडी तो नेणार कशी? त्याचं खाणं म्हणजे नाकतोडे, टोळ, उंदीर, चंडोलासारखे छोटे पक्षी. गुजरातेत भावनगरजवळच्या वेळावदरला भोवत्यांचा मोठा रातथारा, म्हणजे रात्री एकत्र झोपायची जागा, आहे. तिथे त्यांनी ओकून टाकलेल्या गोळ्या तपासल्या, तेव्हा त्यांत टोळ-नाकतोड्यांचेच अवशेष भरपूर निघाले. त्याचा घुबडासारखा गोलसर चेहराही शिकारीच्याच कामाचा. गवताआडची खसफस त्याला त्यामुळे नेमकी ऐकू येते. ज्याच्या पिकावरचे किडे तो वेचतो, त्यानेच त्याला दगड मारावा, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

सगळ्यात मोठा घोळ होतो तो हे पक्षी मोजण्याच्या बाबतीत. जॉर्जियातल्या बाटुमीला शरद ऋतूत दहा लाखांहून अधिक शिकारी पक्षी मोजले जातात, मेक्सिकोतल्या व्हेराक्रूझला त्याच्या कित्येक पट. तिथली छायाचित्रं पाहून आपल्याकडचा उत्साही तरुण कळसूबाईकडे बोट दाखवतो. 1,646 मीटर उंचीचं, राज्यातलं सर्वांत उंच शिखर आपल्याच जिल्ह्यात, मग तिथे बसून मोजूया! पण बाटुमीला पक्ष्यांची गर्दी होते ती उंचीमुळे नव्हे. एका बाजूला काळा समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, मधे अरुंद पट्टा. ऊन हवेच्या झोतांवर घिरट्या घेत जाणाऱ्या पक्ष्यांना समुद्रावर तसे झोत मिळत नाहीत, म्हणून सगळे त्या गळ्यातून जातात. दख्खनच्या पठाराला असा गळा नाही. शिवाय भोवत्या पंख मारत, विखरून, वाट मिळेल तसा जातो. समुद्र प्रत्येकालाच अडवतो असंही नाही. 2013 मध्ये नागालँडात उपग्रह-यंत्रं बसवलेले अमूर ससाणे भारत ओलांडून थेट अरबी समुद्रावरून आफ्रिकेत पोचले. वजन म्हणाल तर जेमतेम दीडशे ग्रॅम!

मग मोजायचं कुठे? रातथाऱ्यावर. दिवसभर मैलोन्‌मैल पांगलेले भोवत्ये संध्याकाळी एकाच गवताळ पट्ट्यात उतरतात आणि झाडावर नव्हे, जमिनीवर झोपतात. सूर्यास्ताच्या तासभर आधी मोजणाऱ्यांनी गवतापासून लांब, वेगवेगळ्या बाजूंना बसायचं. पहिला भोवत्या बऱ्याचदा उतरत नाही, नुसता फेरी मारून जातो. मग चार-पाच एकदम येतात. एखादा बसतो, पुन्हा उठतो, दुसऱ्या जागी बसतो. इथेच आकडा फुगतो. म्हणून बसणारे एका रकान्यात, उठणारे दुसऱ्या रकान्यात लिहायचे, आणि शेवटी वजाबाकी करायची.

ओळखीचाही गैरसमज आहे. चांगली दुर्बीण असली की प्रत्येक पक्ष्याचं नाव सांगता येतं, असं वाटतं. नर सोपे. पांढुरक्याच्या पंखांच्या टोकाला बारीक काळी पाचर असते, माँटेग्यूच्या पंखावर काळी आडवी रेघ. माद्या आणि पहिल्या वर्षाची पिल्लं मात्र दोन्ही जातींत तपकिरी, शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा असलेली. कातरवेळी त्यांच्यात फरक करणं मुरलेल्या माणसालाही जड जातं. तिथे "भोवत्या, तपकिरी" एवढंच लिहावं. अंदाजाने जात लिहिण्यापेक्षा ती नोंद लाख मोलाची.

आणि एका संध्याकाळच्या आकड्याने काही सिद्ध होत नाही. पाऊस कमी, नाकतोडे कमी, की पक्षी दुसरीकडे सरकतात. तीच जागा, तीच वेळ, तीच पद्धत वर्षानुवर्षं धरली तर कल कळतो. बंगळुरूच्या अॅट्री संस्थेतल्या टी. गणेश आणि प्रशांत यांनी देशभरातल्या रातथाऱ्यांच्या तीस वर्षांतल्या नोंदी एकत्र केल्या. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासातून भोवत्यांची संख्या घटल्याचंच दिसतं. पांढुरका भोवत्या जागतिक पातळीवरही संकटाच्या उंबरठ्यावरच्या यादीत आहे.

या घटीचं एक मूळ आपल्या भाषेत आहे. माळाला आपण पडीक म्हणतो. पडीक म्हटलं की तिथे झाडं लावणं हे पुण्यकर्म ठरतं. पण भोवत्याला झोपायला झाड नको, गुडघाभर गवत हवं. कर्जतजवळच्या रेहेकुरीचं काळवीट अभयारण्य 1980 मध्ये जाहीर झालं, ते अवघं 2.17 चौरस किलोमीटर. बाकीचा माळ गावाच्या, शेतकऱ्याच्या, धनगराच्या हातात आहे. गवत कापायला हरकत नाही, कारण जनावरांना वैरण लागतेच. फक्त सगळा पट्टा एकदम साफ न करता रातथाऱ्याचा तुकडा मार्चपर्यंत उभा राहू द्यावा, आणि वणवा तिथवर पोचू देऊ नये.

ज्या वर्षी गवत उरत नाही, त्या वर्षी मोजायला जाण्यात अर्थ नाही असं पुष्कळांना वाटतं. तरीही जायचं. नेहमीच्या जागी बसायचं, अंधार पडेपर्यंत थांबायचं, आणि तारीख-वेळ घालून वहीत शून्य लिहायचं.