जवळ काय आहे? एका प्रश्नाची चाळीस वर्षं

'इथून सगळ्यांत जवळचा पेट्रोल पंप कुठला?' पानवाला या प्रश्नाचं उत्तर चुना लावता लावता देतो. संगणकाला मात्र तो बराच काळ जड गेला. नावं, रकमा, तारखा एका रांगेत लावता येतात. नकाशावरच्या जागा तशा लागत नाहीत. १९८४ साली बर्कलीच्या अँटोनिन गटमन यांनी 'आर-ट्री' ही रचना मांडली. शेजारशेजारच्या वस्तू एका चौकटीत घालायच्या, अशा चौकटी आणखी मोठ्या चौकटीत, आणि शोधताना जिथे उत्तर असणं शक्यच नाही ती चौकट न उघडताच सोडून द्यायची. पोस्टजीआयएससारखी नकाशांची डेटाबेस प्रणाली आजही याच कल्पनेवर चालते.

त्या रचनेत एक गृहीत होतं: वस्तू जागच्या हलत नाहीत. पंप हलत नाही हे खरं, पण टॅक्सी हलते. दर सेकंदाला हजारो टॅक्सींची नोंद खोडून नव्याने लिहायची तर डेटाबेसचा सगळा वेळ त्यातच जाणार. २००० साली शाल्टेनिस, येन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'टीपीआर-ट्री'त यावर तोड काढली. वस्तू कुठे आहे एवढंच न लिहिता ती कोणत्या दिशेने, किती वेगाने चालली आहे तेही लिहायचं. पुढच्या क्षणाची जागा गणिताने निघते. त्याच वर्षी मे महिन्यात अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली. शंभर मीटरपर्यंत चुकणारं यंत्र रातोरात वीस मीटरच्या आत आलं.

तेव्हा नॅपस्टर आणि नुटेला या गाणी वाटून घेण्याच्या जाळ्यांची चलती होती. गाणी जर मधल्या सर्व्हरशिवाय एका संगणकावरून दुसऱ्यावर जातात, तर जागेची माहिती का नाही?

या वळणावर पुण्याचा एक धागा सापडतो. पुणे विद्यापीठातून १९९७ साली अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या सिल्व्हिया रत्नसामी यांनी बर्कलीत सहकाऱ्यांसह 'कॅन' ही पीअर-टू-पीअर, म्हणजे मधल्या सर्व्हरशिवायची, रचना उभी केली. २००१ साली ती प्रसिद्ध झाली. एक काल्पनिक अवकाश कल्पायचा, त्याचे तुकडे पाडायचे आणि प्रत्येक संगणकाने आपापल्या तुकड्याची जबाबदारी घ्यायची. गंमत अशी की रचनेत अवकाश असूनही भूगोलाला ती थेट उपयोगी नव्हती. हॅशिंगमुळे, म्हणजे नोंदीची जागा एका गणिती सूत्राने ठरवल्यामुळे, माहिती सगळीकडे सारखी पसरते आणि कोणा एकावर भार येत नाही, पण त्यातच शेजार मोडतो. 'माझ्या एक किलोमीटरच्या आत काय आहे' असं विचारलं की उत्तराचे तुकडे भलत्याच टोकांना सापडणार. पुढची काही वर्षं संशोधक हा मोडलेला शेजार सांधण्यात गुंतले. मेलबर्नचे तानिन आणि हारवूड, मेरीलँडचे सॅमेट यांनी २००७ साली मांडलेला नकाशाचे चार-चार तुकडे पाडत जाणारा आणि संगणकांत वाटून ठेवलेला 'क्वाडट्री' हा त्यातला ठळक प्रयत्न.

सगळ्यांत देखणी कल्पना मात्र वेई-शिन कू आणि रॉजर झिमरमन यांची. बाजूच्या गाडीतल्या फोनने नुकताच सर्व्हरला हाच प्रश्न विचारला असेल, तर त्याचं जपून ठेवलेलं उत्तर उसनं घ्यावं. पण ते आपल्यालाही लागू पडेल कशावरून? त्याची कसोटी शाळेतल्या भूमितीची आहे. शेजाऱ्याभोवतीच्या ज्या वर्तुळातलं सगळं त्याला ठाऊक आहे, त्या वर्तुळात आपलं छोटं वर्तुळ पूर्ण मावलं, तर उत्तर पक्कं. नाही मावलं, तर सर्व्हरकडे जावं.

बाजारात हे चाललं नाही. कारणं शोधनिबंधांबाहेरची होती. २००७ नंतर स्मार्टफोन सर्वत्र पसरले, मोबाइल डेटा स्वस्त होत गेला आणि सर्व्हरला विचारणंच सोपं झालं. शिवाय स्वतःची बॅटरी जाळून अनोळखी माणसाला उत्तर कोण देणार, आणि त्याने खोटं सांगितलं तर? ओला-उबरचा प्रत्येक शोध आज कंपनीच्या यंत्रांमधूनच जातो.

समुद्रावर मात्र शेजाऱ्यांनी एकमेकांना थेट सांगण्याची ही कल्पना केव्हाच रुळली होती. २००४ अखेरपासून आंतरराष्ट्रीय फेरी करणाऱ्या, ३०० ग्रॉस टनेज किंवा त्याहून मोठ्या जहाजांना 'एआयएस' यंत्र सक्तीचं आहे. चालतं जहाज आपली जागा, दिशा आणि वेग दर काही सेकंदांनी रेडिओवर सांगतं, आसपासची जहाजं ते थेट ऐकतात आणि बोलण्याची पाळीही आपसांत ठरवतात. टक्कर टाळण्यासाठी मधल्या सर्व्हरची गरजच पडत नाही.

जमिनीवर ती परतली हरवलेल्या वस्तूंच्या निमित्ताने. २०१९ साली ॲपलने आयफोनवर आणि २०२१ साली एअरटॅगमध्ये आणलेली सोय अशी: हरवलेली वस्तू ब्लूटूथवर संकेत देते, जवळून जाणारा परका आयफोन तो ऐकतो आणि आपली जागा कुलूपबंद करून कळवतो. ते कुलूप मालकालाच उघडता येतं. साठवण ॲपलच्या सर्व्हरवर होते, म्हणून याला निम्मंच पीअर-टू-पीअर म्हणावं लागेल. पण नेटवर्कला शोधता न येणारी वस्तू शोधायला वाटसरूचा फोन लागतो, हे संशोधकांचं गणित इथे खरं ठरलं.

लगोलग पाळतीच्या तक्रारीही आल्या, कारण कोणाच्याही पिशवीत एअरटॅग लपवता येतो. मे २०२४ मध्ये ॲपल आणि गूगलने एकत्र येऊन अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना आयफोन आणि अँड्रॉइड या दोन्हींवर सुरू केली. तशी सूचना तुमच्या फोनवर आली तर ती झटकून न टाकता पिशवी एकदा रिकामी करून पाहा.